लपून राहिलेले मूलद्रव्य

पोत्यात जसजसे धान्य भरावे, तसतसे पोते फुगत जाते. अणूच्या बाबतीतही असेच घडत असेल, असे सहज वाटते. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात आणि क्लोरीनच्या अणूत १७. तेव्हा क्लोरीनचा अणू मोठा असावयास हवा. प्रत्यक्षात तो रुंदीने सोडियमच्या जवळजवळ निम्मा भरतो! एक सेंटिमीटर लांबीच्या ओळीत सोडियमचे सुमारे २ कोटी ७० लाख अणू मावतील. क्लोरीनचे मात्र ५ कोटी बसतील.

अणूच्या मध्यभागी धनभारित अणुगर्भ असतो. त्याच्याभोवती ऋणभारित इलेक्ट्रॉनांची, एकाबाहेर एक अशी, कवचे असतात. आवर्तसारणीच्या आडव्या ओळीतून उजवीकडे जाताना दर घरागणिक अणुगर्भाचा धनभार एकाने वाढतो. नवा इलेक्ट्रॉन मात्र बहुधा त्याच बाहेरच्या कवचात जागा घेतो. कवच तेच आणि ओढ अधिक. साहजिकच सारा अणू आवळला जातो. उभ्या स्तंभातून खाली उतरताना याच्या उलट घडते. प्रत्येक पायरीस एक नवे कवच चढते आणि आतील इलेक्ट्रॉन अणुगर्भाची ओढ बाहेरपर्यंत पुरती पोचू देत नाहीत. म्हणून लिथियमपेक्षा सोडियम मोठे आणि सोडियमपेक्षा पोटॅशियम मोठे.

या दुसऱ्या नियमाला एका ठिकाणी बाध येतो आणि तेथेच रसायनशास्त्रज्ञ फसले. झिर्कोनियम हे मूलद्रव्य १७८९ साली सापडले. त्याचा क्रमांक ४०. पुढे ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य कोणाच्या हाती लागेना. ते झिर्कोनियमसारखेच असले पाहिजे, असे नील्स बोर यांनी अणुरचनेवरून सांगितले. तेव्हा कोपनहेगन येथे डर्क कॉस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी झिर्कोनियमचे खनिज क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. १९२३ साली त्याच खनिजात ते मूलद्रव्य सापडले! कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याला हाफ्नियम म्हणू लागले.

इतकी वर्षे ते दिसले कसे नाही? हाफ्नियमच्या आधी सारणीत १४ मूलद्रव्ये अधिकची येतात. त्यांचे नवे इलेक्ट्रॉन खोल आतल्या कवचात शिरतात आणि अणुगर्भाची ओढ अडविण्यात फार दुबळे ठरतात. त्यामुळे नव्या कवचाने अणू जेवढा फुगावा, तेवढाच तो आवळून बसतो. झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांच्या अणूंचा आकार जवळजवळ एकच. बाहेरचे इलेक्ट्रॉनही सारखेच. खनिजात दोघे एकत्र राहतात आणि रासायनिक क्रियांत एकसारखे वागतात. मग संशय यावा तरी कोणाला?

अणुभट्टीत मात्र हे साम्य संपते. तेथील इंधनाच्या नळ्या पुष्कळदा झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या करतात, कारण ते न्यूट्रॉनांना सहज वाट देते. हाफ्नियम त्यांना गिळून टाकते. म्हणून नळ्या घडविण्यापूर्वी या जुळ्या भावंडांना एकमेकांपासून वेगळे करावे लागते, आणि ते काम आजही मोठे जिकिरीचे आहे.