‘वारस लावला’ म्हणजे नेमके काय?

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला घराघरांतील दुःख जवळून दिसते. काही वर्षांपूर्वी पूर्णा तालुक्यातील एक भगिनी पतीचे पासबुक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पती अचानक वारलेला, पदरी दोन मुली. खाते लग्नापूर्वीचे, म्हणून त्यावर दिराचे नाव. "साहेब, मी बायको असून माझं नाव नाही का?" एवढेच ती म्हणाली. नियमाप्रमाणे रक्कम दिराला द्यावी लागली. त्याने ती वहिनीला दिली नाही. तिचा हक्क बुडाला नव्हता. पण तो मिळवण्यासाठी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी स्वतःची पासबुके काढली. एका खात्यावर माझ्या दिवंगत वडिलांचेच नाव होते! लोकांना रोज फॉर्म भरून देणारा मी, माझाच फॉर्म जुना.

आपण सहज म्हणतो, "खात्याला वारस लावला." घोटाळा या शब्दातच आहे. फॉर्मवर लिहितो तो नॉमिनी. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत, एवढेच त्यावरून ठरते. पैसा कोणाचा, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगांवकर यांचे २०१३ मध्ये निधन झाले. त्यांच्या शेअर्स व म्युच्युअल फंडाच्या नॉमिनीबाबतचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ नॉमिनी असल्याने कोणी मालक होत नाही. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असल्यास त्यांना लाभाचा हक्क देणारी तरतूद आहे.

मृत्युपत्र नसेल तर काय? आपल्या समाजाला १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू आहे. त्यात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. भाऊ या पहिल्या वर्गात नाही. स्त्रियांना मालमत्तेत हक्क मिळावा यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हिंदू कोड बिलासाठी झगडले, आणि ते रखडले तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात मुलीकडून ‘हक्कसोड’ लिहून घेण्याची घाई व्हावी, हे आपल्याला शोभत नाही.

मृत्युपत्र फक्त श्रीमंतांचे, हा गैरसमज आहे. दोन खोल्यांचे घर आणि दोन एकर जमीन असणाऱ्यालाही त्याची तेवढीच गरज आहे. ते साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा. त्याने सही किंवा अंगठा करावा आणि दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला मिळकत द्यायची, त्याला साक्षीदार करू नये. पुढे शंका निघतात. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. शेवटचे तेच खरे. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र आपल्या वाट्यापुरतेच लिहिता येते.

त्यासोबत पुढील कामे करावीत :

१. प्रत्येक खाते, विमा, भविष्य निर्वाह निधी यांवरील नॉमिनी तपासावा. लग्न, जन्म किंवा मृत्यू झाल्यावर तो बदलावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी देता येतात.

२. खाती, पॉलिसी, सातबारा, घेणे-देणे हे सर्व एका वहीत लिहावे आणि वही कोठे आहे हे पत्नीला सांगावे.

३. घरातील माणूस गेल्यावर जमिनीच्या वारस फेरफारासाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे खबर द्यावी.

मृत्यूचे बोलणे घरात अशुभ मानतात. पण सर्व काही अनित्य आहे हे आपण विहारात ऐकतो. ते कागदावर उतरवायला का भ्यावे? विद्यार्थी मित्रांनी येत्या रविवारी आईवडिलांजवळ बसून सर्व पासबुके उघडावीत आणि कोणाचे नाव लावले आहे ते वाचून दाखवावे. माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या भगिनीच्या घरी हे कोणी केले असते, तर तिच्या मुलींच्या शिक्षणाची वर्षे कोर्टाच्या तारखांत गेली नसती.