गोमतीचा गळ आणि सागराची ओढ

लखनौच्या गोमती नगरात राहणाऱ्या माणसाला पाण्याची ओळख होते ती नदीच्या रूपाने. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांडा गावाजवळच्या गोमत तालातून निघालेली गोमती नऊशेहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन कैथीजवळ गंगेला मिळते. वाटेत ती लखनौ शहराला दुभागते. पावसाळा सोडला तर इथे तिची चाल संथ असते. काठावर 'बंसी' टाकून बसलेला हौशी माणूस कणकेची गोळी गळाला लावतो आणि तरंगत्या बुचावर नजर ठेवून तासन् तास बसून राहतो. एखादा रोहू लागलाच, तर त्याला काठाशी आणायला हलकी काठी आणि बारीक दोर पुरेसा होतो. मासा सुटला, तरी फार तर एक रविवार रिकामा जातो.

बदलीच्या नोकरीमुळे उत्तरेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गृहस्थाला हा छंद जडावा, यात नवल नाही. नवल घडते ते सुट्टीत. पुष्पक एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कोकण आणि मग कुणाच्या तरी ओळखीने मिळालेली मासेमारीची होडी! सामानात तीच गोमतीकाठची काठी असते. पाणी ते पाणी, मासा तो मासा, असा हिशेब मनाशी झालेला असतो. किनारा मागे पडून माडांची रांग रेघेएवढी झाली, की हा हिशेब चुकू लागतो.

पहिली चूक खोलीची. समुद्रात खोली वावेत मोजतात. एक वाव म्हणजे सुमारे ६ फूट. १५–२० वाव पाण्यात भरती-ओहोटीचा ओघ चालू असताना नदीतले चिमुकले शिसे तळाला पोहोचतच नाही. दोर तिरका होऊन होडीमागे वाहत राहतो आणि आमिष भलत्याच थरात लोंबकळते. दुसरी चूक ताकदीची. चार-पाच किलो ताण सोसणारा तंगूस रोहूला पुरतो; परंतु सुरमई गळाला लागताच एका दमात शंभर मीटर दोर ओढून नेऊ शकते. तिच्या धारदार दातांपुढे साधा तंगूस टिकत नाही. म्हणून गळाच्या वर पोलादी तारेचा तुकडा बांधावा लागतो. तांब, हेकरू यांसारखे तळाचे मासे निराळीच युक्ती करतात. गळ लागताच ते खडपाच्या कपारीत शिरतात आणि दगडावर घासून दोर तुटतो.

तिसरी गोष्ट रिळाची. समुद्री रिळात 'ड्रॅग' नावाची रोधक योजना असते. दोराच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणावर ती बसवली, की मासा जोराने धावताना दोर सुटत राहतो, पण तुटत नाही. नदीच्या हलक्या रिळात ही सोय असली, तरी अशा धावेपुढे ती तोकडी पडते. त्यातच खाऱ्या पाण्याने धातू गंजतो आणि सफर संपल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुतले नाही, तर ते लवकरच निकामी होते.

या साऱ्याचा जागतिक इतिहासातही एक गाजलेला दाखला आहे. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर हे निसर्गअभ्यासक व लेखक. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कातालिना बेटावर लोक जाड हातदोरांनी मोठमोठे मासे भराभर ओढून काढतात आणि त्यांतले पुष्कळ वाया जातात, हे पाहून ते व्यथित झाले. १ जून १८९८ रोजी त्यांनी काठी व रिळाच्या साहाय्याने १८३ पौंड, म्हणजे सुमारे ८३ किलो वजनाचा ट्यूना पकडला. त्या काळच्या रिळाची मूठ थेट चाकाला जोडलेली असे. मासा धावला की मूठ गरगर उलटी फिरून बोटांची हाडे मोडत असे. रोधक म्हणून अंगठ्याखाली दाबलेला चामड्याचा तुकडा, एवढीच काय ती सोय! त्याच वर्षी बेटावर 'ट्यूना क्लब' स्थापन झाला आणि हलक्या साधनांनीच मासा पकडावा, माशालाही सुटण्याची न्याय्य संधी मिळावी, असा दंडक त्याने घातला. पुढे १९१३ मध्ये विल्यम बॉशन यांनी सुधारित ड्रॅगच्या रिळावर ३५५ पौंडांचा तलवार मासा पकडला, तेव्हा साधनांचे एक नवे पर्व सुरू झाले.

होल्डर यांचे साधनही आजच्या मापाने अपुरेच होते. परंतु ते अपुरेपण त्यांनी जाणून स्वीकारले होते. सोबत पाण्याची नस जाणणारा नावाडी होता आणि माशाच्या सवयींचा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. अज्ञानातून आलेले अपुरेपण वेगळे. त्याची किंमत आधी मासा मोजतो. तुटलेला तंगूस मागे ओढत आणि तोंडात गळ घेऊन तो निघून जातो. त्यानंतर पाळी माणसाची. ताणलेला दोर हाताभोवती गुंडाळला, तर तो बोट कापू शकतो. शिंगाळ्याचा काटा आणि पाकटाच्या शेपटीवरचा काटा विषारी असतात. होडी डोलू लागली, की डोळ्यांना दिसणारे स्थैर्य आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियाला जाणवणारी हालचाल यांचा मेळ बसत नाही आणि समुद्र लागतो. मग हातातली काठी सावरण्याचेही भान राहत नाही.

होडीवरच्या नाखव्याकडे पाहिले, म्हणजे साधनाचा खरा अर्थ उमगतो. त्याच्याकडे ना महागडी काठी, ना चकचकीत रीळ. एक हातदोर, शिसे आणि गळ. किमतीने हे साधन पाहुण्याच्या साधनापेक्षा स्वस्त. तरीही ते अपुरे नाही. उधाणाची भरती कधी आणि भांगाची कधी, पहाटेचा मतलई वारा ओसरून दुपारचा खारा वारा केव्हा जोर धरील, कोणत्या खडपावर कोणता मासा असतो, हे सारे त्याच्या दोराला जोडलेले असते.

समुद्राच्या विस्ताराची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण पुरे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. इथे 'बँक' म्हणजे समुद्रात बुडालेले पठार! कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरवणाऱ्या या प्रवाळसमृद्ध पठाराचा माथासुद्धा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे. किनाऱ्यावरून पहाटे निघून संध्याकाळी परतणाऱ्या छोट्या होडीचे ते ठिकाण नव्हे. १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची प्रादेशिक समुद्राची हद्ददेखील हौशी माणसाला दूरची वाटावी, हेच इष्ट.

म्हणून जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक होड्यांच्या मासेमारीचा बंदीकाळ असतो. तो माशांच्या प्रजननाचाही काळ आहे आणि खवळलेल्या समुद्राचाही. होडी नोंदणीकृत असावी. जीवरक्षक जाकीट पेटीत न ठेवता अंगावर चढवावे. कुठे जाणार आणि केव्हा परतणार, हे किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ठेवावे. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक पाठ असावा. मात्र किनाऱ्यापासून दूर भ्रमणध्वनी मुका होतो, तेव्हा होडीवर बिनतारी संच असल्याची खात्री आधीच करावी. काठी आणि रीळ नाखव्याला दाखवावे आणि तो नको म्हणाला, तर त्याचा हातदोर निमूटपणे हाती घ्यावा.

आणि वारा फिरल्याचे पाहून नाखव्याने होडी परत वळवली, तर हुज्जत घालू नये. रिकाम्या हातांनी परतणे, ही समुद्रावर नामुष्की समजली जात नाही. गोमती नगरच्या घरी कोपऱ्यात उभी राहिलेली ती हलकी काठी पुढच्या रविवारी पुन्हा नदीवर जाईल आणि तिथे ती पुरेशीही ठरेल. कुठल्या पाण्यात काय पुरते, हे कळणे, हीच त्या सफरीची खरी कमाई.