काट्यावर माल रोज, आपण कधी?



लोणावळ्यात सुटी चिक्की घेताना दुकानदाराकडे बघा. एक तुकडा टाकतो, एक काढतो, काटा बरोबर येईपर्यंत सोडत नाही. मालाचं वजन आपण ग्रॅममध्ये सांगतो. पण स्वतःचं वजन शेवटचं कधी केलं, असं विचारलं की आपण गप्प!

मावळात पाऊस लागला की आपला सीझन. भुशी डॅमच्या वाटेवर भजी आणि कणसं, पवनेच्या काठावर कॅम्पिंग. शनिवार-रविवारी जेवायला सवड नसते. पँट सैल झाली की आपण म्हणतो, "धावपळ आहे ना!" वरून कोणीतरी म्हणतं, "वा, बारीक झालास की!" इथंच फसगत होते.

गल्ल्याचा नियम शरीराला लावा

गल्ल्यात रोज शंभर रुपये कमी पडायला लागले, तर कारण सापडेपर्यंत आपल्याला झोप येत नाही. वजनाचंही तसंच धरा. डाएट नाही, मुद्दाम व्यायाम नाही, तरी सहा ते बारा महिन्यांत 5 टक्के वजन उतरलं, तर डॉक्टरांकडे जायचं. म्हणजे 70 किलोच्या माणसाचं साडेतीन किलो, 60 किलोच्या माणसाचं तीन किलो. हेच दोन-तीन महिन्यांत झालं तर अजिबात थांबायचं नाही.

कारण धावपळीचं असू शकतं. पण मधुमेह, वाढलेला थायरॉइड, टीबी, पोटाचे आजार, कॅन्सर, एखादं औषध किंवा कर्जाच्या काळजीनं आलेलं नैराश्य, यातलंही काही असू शकतं. नुसत्या अंदाजानं ते कळत नाही, तपासणी लागते.

थेऊरची गोष्ट

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. पानिपतानंतर 1761 मध्ये माधवराव पेशवे गादीवर आले, तेव्हा वय 16. विस्कटलेला कारभार त्यांनी पुन्हा उभा केला. पण क्षयानं गाठलं. 1770 च्या कर्नाटक मोहिमेतून तब्येतीमुळे परत फिरावं लागलं आणि 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला ते गेले. वय फक्त 27. क्षय म्हणजे झिजणं. रोगाचं नावच लक्षणावरून पडलंय.

त्या काळी यावर औषध नव्हतं. आज आहे. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. सरकारी केंद्रात तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात, शिवाय निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा 1,000 रुपये खात्यात येतात. "गिऱ्हाईक तुटेल" म्हणून लपवू नका. नियमित गोळ्या घेतल्या की संसर्गाचा धोका लवकर कमी होतो; गाडीवर परत कधी उभं राहायचं ते डॉक्टर सांगतील.

कधी जायचं?

वजन उतरतंय आणि सोबत यातलं काही असेल, तर 5 टक्क्यांची वाट बघू नका, याच आठवड्यात जा:

- दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम
- सारखी तहान, वारंवार लघवी
- छातीत धडधड, हात थरथरणं
- घास गिळताना अडकणं, कुठेही गाठ
- कावीळ, काळी शौच किंवा शौचातून रक्त
- भूक मेलेली, कशातच मन न लागणं

खूप तहान-लघवीसोबत उलट्या, धाप किंवा गुंगी आली, खोकल्यातून किंवा उलटीतून रक्त पडलं, चक्कर येऊन पडलात, तर त्याच क्षणी 108 ला फोन. तेव्हा शटर ओढायला कोणीही चालेल. आणि जीव नकोसा वाटत असेल तर घरच्यांना सांगा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

धंदा सांभाळून कसं जमवायचं?

"दुकान बंद ठेवलं तर गल्ला बुडतो," हे मला मान्य आहे. तातडीची लक्षणं नसतील तर मंगळवार-बुधवार गाठा, गर्दी कमी असते. सरकारी आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर, कुठूनही सुरुवात करा. वजन कधीपासून, किती उतरलं, कोणती औषधं चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्या. बहुतेक वेळा सुरुवात साखर, रक्त, थायरॉइड, लघवी आणि गरज वाटली तर छातीचा एक्स-रे इथून होते.

तोवर टॉनिक, प्रोटीन पावडर यावर पैसे घालू नका. तहान लागते म्हणून कोल्ड्रिंक तर नकोच. साखर वाढलेली असेल तर ती आणखी चढते.

आणि एक, तुमच्याशिवाय दोन दिवस गाडी चालवेल असा एक माणूस आजच तयार करा. धंद्यात सगळ्यात महाग मशीन तुम्ही स्वतः आहात, आणि त्याचा स्पेअर पार्ट मिळत नाही.

आज घरी जाताना मेडिकलच्या काट्यावर उभे राहा. हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि आकडा लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा. मालाचा स्टॉक मोजतो, तसाच आपलाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, धंदा वाढवा!