सिलिंडरमधला गॅस किती जागा व्यापतो?

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, हे सिलिंडरवरच लिहिलेले असते. पण तो बाहेर पडला तर किती जागा व्यापेल, हे कुठे लिहिलेले नसते. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.; तरी हा हिशेब मांडला, कारण ईदचा शीरखुर्मा असो की दिवाळीच्या करंज्या, सिलिंडर घरोघरी शेगडीजवळ उभाच असतो.

सिलिंडरमध्ये गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. बाजारच्या दिवशी एस.टी.त माणसे असतात, तसे त्याचे रेणू एकमेकांना खेटलेले. बाहेर पडले की ते मोकाट सुटतात. सेकंदाला सुमारे पावणेचारशे मीटर वेगाने धावतात, एकमेकांवर, भिंतींवर आदळतात. या असंख्य धडका म्हणजेच वायूचा दाब. डॅनिएल बर्नुली यांनी 1738 साली मांडलेल्या या विचारातून पुढे वायूंचा गतिज सिद्धांत उभा राहिला.

या सिद्धांतातली गंमत अशी, की तापमान तेच असेल तर हलके रेणू जोरात धावतात आणि जड रेणू हळू. धडकांची गोळाबेरीज सारखीच होते. म्हणून दाब आणि तापमान सारखे असले, की कोणत्याही वायूच्या तेवढ्याच रेणूंना जवळपास तेवढीच जागा लागते. अंडी आपण डझनाने मोजतो, शास्त्रज्ञ रेणू 'मोल'ने मोजतात. 25 अंश सेल्सिअसला, समुद्रसपाटीवर, एक मोल वायू साडेचोवीस लिटर जागा घेतो. आपले नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर. इथे हवेचा दाब कमी, म्हणून तोच मोल 26 लिटरपर्यंत पसरतो.

स्वयंपाकाचा गॅस हे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण. त्याचा एक मोल सरासरी 52 ग्रॅमचा धरू. 14,200 भागिले 52, म्हणजे 273 मोल. त्याला 26 ने गुणले, की सुमारे 7 हजार लिटर! मुंबईत हाच आकडा 6,700 च्या आसपास येईल.

आता आठ बाय आठचे, नऊ फूट उंचीचे स्वयंपाकघर घ्या. त्यात हवा मावते 16 हजार लिटरच्या थोडी वर. हवेत हा गॅस साधारण दोन टक्के झाला, की एक ठिणगी पुरते. दोन टक्के म्हणजे सव्वातीनशे लिटर, वजनात जेमतेम साडेसहाशे ग्रॅम. सिलिंडरचा विसावा हिस्साही नाही. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचतो, त्यामुळे खाली त्याहून कमी गॅसही घात करू शकतो.

म्हणून वास आला, की आधी शेगडी विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. दिव्याचे, पंख्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. घराबाहेर पडा आणि तिथूनच 1906 या क्रमांकावर फोन करा.