गोठित प्रतिरक्षा कोशिकांचे वितळण

अतिनीच तापमानास साठविलेल्या श्वेत कोशिका, विशेषतः लसीका कोशिका, पुन्हा कार्यक्षम अवस्थेत आणण्याची प्रक्रिया. लसींचे संशोधन व कर्करोगावरील कोशिका-उपचार यांत ती महत्त्वाची आहे. बुलढाण्यासारख्या, मोठ्या संशोधन प्रयोगशाळांपासून दूर असलेल्या जिल्ह्यात घेतलेल्या रक्तातील कोशिका वेळीच अलग करून गोठविल्यास त्यांची परीक्षा पुढे सोयीनुसार करता येते.

कोशिका फार जलद थंड केल्यास तिच्या आत बर्फ होतो. फार सावकाश केल्यास भोवतालचा लवण-विद्राव तीव्र होऊन ती शुष्क होते. यासाठी सामान्यतः १०% डायमिथिल सल्फॉक्साइड हे संरक्षक द्रव्य मिसळून तापमान मिनिटास सु. १° से. याप्रमाणे उतरवितात व नंतर कोशिका द्रवरूप नायट्रोजनात (−१९६° से.) ठेवतात. या द्रव्याचा संरक्षक गुण लव्हलॉक व बिशप यांनी १९५९ मध्ये दाखविला.

वितळण मात्र जलद करावे लागते. अन्यथा सूक्ष्म बर्फकण एकत्र येऊन मोठे होतात. कुपी ३७° से. तापमानाच्या पाण्यात धरून बर्फाचा लहानसा कण उरताच बाहेर काढतात. नंतर कोमट पोषक विद्राव थेंबाथेंबाने घालतात. तो एकदम ओतल्यास संरक्षक द्रव्य बाहेर पडण्यापूर्वीच तर्षणाने पाणी आत शिरते व कोशिका फुगून फुटते. मृत कोशिकांतील डीएनएमुळे गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्याचे विघटन करणारे एंझाइम वापरतात. शेवटी मंद केंद्रोत्सारणाने संरक्षक द्रव्य काढून टाकतात.

ट्रिपान निळा हा रंग मृत कोशिकांत शिरतो, जिवंत कोशिकांत शिरत नाही. तथापि लगेच केलेली ही गणना फसवी ठरू शकते. कारण इजा झालेल्या अनेक कोशिका काही तासांनी मरतात, तर काही जिवंत राहूनही प्रतिजनास प्रतिसाद देत नाहीत. म्हणून कोशिकांना रात्रभर ३७° से. तापमानास विश्रांती देऊन पुन्हा गणना व कार्यपरीक्षा करतात.

कोशिका-उपचारात अशा विश्रांतीस सहसा वाव नसतो. मुंबईची भारतीय तंत्रविद्या संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-कोशिकांत जनुकीय बदल करून त्या त्याला परत देतात. या प्रकारच्या उपचारांत गोठविलेल्या कोशिका बहुधा रुग्णाजवळच वितळवून शिरेतून देतात. त्या निकामी झाल्यास आधीच क्षीण झालेल्या रुग्णाकडून पुन्हा कोशिका मिळतीलच असे नाही. म्हणून वितळणातील काही मिनिटांची दक्षता येथे निर्णायक ठरते.