क्षयाची सावली आणि संगणकाची रेषा

साकीनाका म्हटले की अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची अखंड वाहतूक, दोन्ही बाजूंचे छोटे कारखाने आणि त्यांना खेटून वाढलेल्या दाट वस्त्या डोळ्यांसमोर येतात. २०१४ साली येथे मेट्रो धावू लागली, प्रवास सुकर झाला. मात्र लहानशा खोल्यांतली दाटी आणि कोंदट हवा हटली नाही. क्षयाचे जंतू हवेवाटे पसरतात. त्यामुळे अशा वस्तीत एका रुग्णाचे निदान लांबले, की त्याची किंमत घरातल्यांना आणि शेजारच्या कामगारांनाही मोजावी लागते.

निदान लांबण्याचे एक कारण म्हणजे हा रोग पुष्कळदा खोकल्याची वर्दी न देताच येतो. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात असे आढळले, की केवळ लक्षणे विचारून शोध घेतला असता आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, तर ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. म्हणजे एक्स-रे हवाच. पण वस्तीत शेकडो एक्स-रे काढले, तरी ते वाचणारे तज्ज्ञ आणायचे कोठून? संगणकाद्वारे होणाऱ्या प्रतिमा-विश्लेषणाचा विचार या प्रश्नातून पुढे आला.

आकड्यांचे चित्र

आपल्याला एक्स-रेमध्ये बरगड्या, हृदय आणि फुफ्फुसे दिसतात. संगणकाला मात्र दिसतात ते केवळ आकडे. डिजिटल एक्स-रे हा लक्षावधी सूक्ष्म बिंदूंचा बनलेला असतो आणि प्रत्येक बिंदूला त्याच्या उजळपणानुसार एक संख्या दिलेली असते. सामान्यतः या छटा ४,०९६ पर्यंत असू शकतात. या आकड्यांच्या रानातून फुफ्फुस नेमके कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे ठरवणे म्हणजे प्रतिमेचे विभाजन. त्यानंतरच आतील सावल्या तपासता येतात. साधे उदाहरण हृदयाचे. त्याची कड नीट आखता आली, की त्याची रुंदी छातीच्या रुंदीशी ताडून पाहता येते. ती निम्म्याहून अधिक भरली, तर हृदय वाढल्याची शंका घेतली जाते.

सीमा आखण्याची जुनी रीत सोपी होती. उजळपणाची एक मर्यादा ठरवायची. तिच्यापेक्षा काळे ते फुफ्फुस, उजळ ते बाकीचे. ही मर्यादा आपोआप शोधण्याची एक प्रसिद्ध पद्धत जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडली. पण छातीच्या एक्स-रेमध्ये बरगडी फुफ्फुसावर, तर हृदय फुफ्फुसाच्या काही भागावर येते. शिवाय क्षयाने भरलेला फुफ्फुसाचा भाग पांढुरका दिसतो. तेव्हा मर्यादेचा नियम लावला, तर रोगट भागच फुफ्फुसाबाहेर टाकला जाण्याचा धोका असतो.

यावर उपाय म्हणून आता यंत्राला नियम सांगण्याऐवजी उदाहरणे दाखवतात. तज्ज्ञ डॉक्टर अनेक प्रतिमांवर स्वतः कडा आखतात. यंत्र आपली रेषा त्या रेषेशी पडताळते, चूक मोजते आणि पुन्हा प्रयत्न करते. जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेली ‘यू-नेट’ ही रचना या कामी विशेष गाजली. ती आधी चित्र आक्रसून त्याचा एकूण आशय पकडते, मग ते पुन्हा पसरवून प्रत्येक बिंदू कोणत्या अवयवाचा, हे सांगते.

मुंबईचा वाटा

या क्षेत्रात मुंबईचे नाव जगभर पोहोचले आहे. येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘क्यूर डॉट एआय’ या कंपनीच्या संशोधकांनी मेंदूच्या सीटी स्कॅनमधील रक्तस्राव ओळखणारी प्रणाली तीन लाखांहून अधिक स्कॅनच्या आधारे विकसित केली व तपासली. तो अभ्यास २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. छातीच्या एक्स-रेमधील क्षयाच्या खुणा शोधणारी ‘क्यूएक्सआर’ ही प्रणालीही याच कंपनीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षय-तपासणीत एक्स-रे वाचण्यासाठी अशा प्रणाली वापरण्यास मान्यता दिली.

त्याच वर्षी ढाक्यातील २३,९५४ व्यक्तींच्या एक्स-रेंवर पाच प्रणालींची परीक्षा घेण्यात आली. तेथील रेडिओलॉजिस्टांपेक्षा त्या सरस ठरल्या. मात्र साठी ओलांडलेल्या आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्या व्यक्तींच्या बाबतीत पाचही प्रणालींची कामगिरी घसरली. याचे कारण समजण्याजोगे आहे. बरा झालेला क्षय फुफ्फुसात व्रण ठेवून जातो आणि जुना व्रण व नवा रोग यांतला फरक एकाच चित्रावरून सांगणे तज्ज्ञालाही अवघड जाते. जेथे क्षय जुना शेजारी आहे, त्या मुंबईत ही मर्यादा दुय्यम मानून चालणार नाही.

दुसरा धोका शिकवणीचा. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूमोनिया शोधणारे यंत्र एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे, हेही ओळखत असल्याचे दिसले. ओळखीच्या रुग्णालयात हुशार ठरलेले यंत्र परक्या ठिकाणी बऱ्याचदा कमी पडले. म्हणून वातानुकूलित रुग्णालयात पारखलेली प्रणाली वस्तीतील शिबिरात, हाती धरण्याच्या एक्स-रे यंत्रासह पुन्हा पारखणे अगत्याचे आहे.

उंबरठा कोणी ठरवायचा?

यंत्र सहसा ‘क्षय आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगत नाही. ते संशयाचा एक गुणांक देते. कोणत्या गुणांकावरील व्यक्तीला पुढच्या चाचणीस पाठवायचे, हे माणसांनी ठरवायचे असते. समजा, हजार जणांच्या तपासणीत दहा जणांना खरोखर क्षय आहे. उंबरठा खाली ठेवला तर दोनशे जणांना थुंकीच्या चाचणीस पाठवावे लागेल, पण दहाही सापडतील. तो वर नेला तर पन्नासांतच काम भागेल, पण तीन रुग्ण ‘सारे ठीक आहे’ असे समजून कामावर परततील. हे आकडे कल्पित असले, तरी पेच खरा आहे. चाचणीचा खर्च वाचवायचा की रुग्ण, हा निर्णय यंत्राच्या नावावर खपवता येणार नाही.

अंतिम निदान थुंकीच्या जनुकीय चाचणीनेच व्हायला हवे. गोव्यात तयार होणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र अशी चाचणी लहान केंद्रातही करू शकते आणि रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला जंतू दाद देतात का, हेही सांगते. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा अनुभव मुंबईने घेतलेला असल्याने ही पायरी गाळणे परवडणारे नाही.

संगणकाने संशयाची रेषा काही क्षणांत आखली, तरी त्या संशयितापर्यंत पोहोचणे, त्याची थुंकी तपासणे आणि रोजंदारी सांभाळून अनेक महिन्यांचे औषध पूर्ण करण्यास त्याला हात देणे ही कामे आरोग्यसेविका व डॉक्टरांचीच राहतात. साकीनाक्यासारख्या वस्त्यांत यंत्रे किती बसवली, यापेक्षा यंत्राने बोट दाखवलेल्यांपैकी किती जण उपचार पूर्ण करून बरे झाले, याचा हिशेब नागरिकांनी महापालिकेकडे मागितला पाहिजे.