आगीचा बंब येईपर्यंत

माघ-फाल्गुनांत वारा सुटला कीं कोंकणांतल्या घरांतील वडील मंडळींचें लक्ष प्रथम अंगणापलीकडच्या उडवीकडे जात असे. भाताचा पेंढा, वाळलेलें गवत, झावळ्यांचा मांडव आणि न्हाणीच्या चुलींतले निखारे, हीं सारीं एकाच आवारांत. ठिणगीनें दूर जावें तरी कशाला? मंगळूरास बासेल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, पुढें मंगलोरी कौलांचा प्रसार झाला आणि शाकारलेलीं छपरें हळूहळू नाहींशीं झालीं. छपराची भीति त्यामुळें कमी झाली. उडवीची मात्र गेली नाहीं.

रत्नागिरीची नगरपालिका १८७६ सालची. आज शहरांत आगीचा बंब आहे. पण तो नव्हता तेव्हां आग कोण विझवीत असे, असें कोणी विचारील तर उत्तर एकच : शेजारीपाजारी. त्यांची संस्था नव्हती, सभासदांची यादी नव्हती, म्हणून त्यांचा इतिहासहि कोणी लिहिला नाहीं. तरी त्या कामाला शिस्त होती. हांक ऐकूं येतांच एकानें गोठ्याकडे धांवावें आणि दावीं सोडीत न बसतां कोयत्यानें तोडावीं. रहाटावर दोन दणकट गडी, तेथून घरापर्यंत माणसांची रांग. भरलेली घागर पुढें जाई, रिकामी कळशी मागें येई. जळत्या छपरावर पाणी वायां घालवावयाचें नाहीं, शेजारच्या छपरावर ओलीं गोणपाटें पसरावयाचीं, हा वडिलांचा नियम. ज्याचें घर जळत असे त्याला हा नियम किती निष्ठुर वाटत असेल! पण त्यानेंच अर्धी आळी वांचे.

मुंबईची गोष्ट निराळी. तेथें पूर्वीं आग विझविण्याचें काम पोलिसांकडे असे. १ एप्रिल १८८७ पासून तें महापालिकेकडे आलें. त्या दलाची कसोटी १४ एप्रिल १९४४ रोजीं लागली. व्हिक्टोरिया गोदींतील 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर सुमारें १४०० टन दारूगोळा आणि कापसाच्या गांठी एकत्र होत्या. दुपारीं आग लागली, ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासानें दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जवान तेथें कामीं आले. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. ज्या जिल्ह्यांतून घरटीं एक माणूस मुंबईच्या गिरणींत नाहीं तर गोदींत, त्या जिल्ह्यांत ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना वाचकांनींच करावी; रत्नागिरीस रेल्वे येण्यास अजून अनेक दशकें जावयाचीं होतीं, आणि खुशालीच्या पत्राची वाट पाहण्यापलीकडे घरच्या बायकांच्या हातीं कांहीं नव्हतें.

परदेशांत शेजारधर्माला लेखी रूप मिळालें. बेंजामिन फ्रँकलिननें १७३६ सालीं फिलाडेल्फियांत मित्रांसह जें मंडळ काढलें, त्यांतील प्रत्येकानें चामड्याच्या बादल्या आणि सामान बाहेर काढण्यासाठीं पिशव्या बाळगाव्या असा करार होता. आमची घागर आणि गोणपाट याहून फारसें वेगळें नव्हे! चिली देशांतील व्हालपाराइसो बंदरांत १८५१ सालीं स्वयंसेवकांचें दल निघालें. त्या देशांत आजहि बंबावरचे लोक वेतन घेत नाहींत. आमच्याकडे बंब आला आणि लोकांनीं घागर खालीं ठेवली. हल्लीं आगीभोंवतीं जमणाऱ्या गर्दीच्या हातांत मोबाइल असतो, हें आम्हांस फार खटकतें.

अपवाद वणव्याचा. कातळसड्यावरचें गवत वाळलें कीं एका विडीच्या थोटकानें आंबा-काजूच्या बागा जाऊं शकतात, आणि त्या चढणीवर बंब चढत नाहीं. म्हणून बागाईतदार आधींच भोंवतालचें गवत कापून जाळरेषा काढतात, आणि आग आलीच तर वाडीचीं माणसें हिरवे टहाळे घेऊन तिला झोडपतात. घटनेच्या १९९२ सालच्या ७४ व्या दुरुस्तीनें अग्निशमन हें नगरपालिकांच्या कामांच्या यादींत घातलें, राज्याचा आगप्रतिबंधक कायदा २००६ सालीं झाला. सड्यावर मात्र अजून टहाळाच उपयोगी पडतो.

आमच्या आजी एक हकीकत सांगत. त्यांच्या सासरीं उडवी पेटली त्या रात्रीं रांगेंत पहिले उभे राहिले ते बांधावरून वर्षानुवर्षें अबोला धरलेले शेजारी. रहाटावर होते ते खालच्या वाडींतले दोघे, ज्यांना एरवीं त्या विहिरीच्या पायरीला पाय लावूं देत नसत. पहांटेपर्यंत त्यांनींच पाणी ओढलें आणि घर वांचलें. सकाळीं कोणी वृद्ध नातलगानें विहीर शुद्ध करून घेण्याचा विषय काढला. आजीच्या सासूबाई ओटीवर येऊन एवढेंच म्हणाल्या, "रात्रीं हें कोणाला सुचलें नाहीं तें?" आणि त्यांनीं त्याच विहिरीचें पाणी भरून चुलीवर चहाचें आधण ठेवलें.